आधी माणसं उतरवा

पहाटे ५.३०
मे महिना. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या आश्रमात सामुदायिक ध्यानाची वेळ. महामार्गाच्या कडेला एका पत्र्याच्या दुकानाचं शटर वर जातं. पाटीवर टायरचं चित्र आणि एक मोबाइल नंबर. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग सहा होता, आता त्रेपन्न आहे. सुरतेकडून आलेला माल याच रस्त्यानं नागपूर, रायपूर करत पूर्वेकडं जातो. पश्चिमेला पस्तीसेक किलोमीटरवर अमरावती. पूर्वेला पुढचंच मोठं गाव तिवसा.

दुकानदार पन्नाशीचा. पहिलं काम झाडूचं नाही, चुंबकाचं. जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल चुंबक, त्याला सुतळी बांधलेली. ते दुकानापुढच्या मुरमावरून तो सावकाश ओढत नेतो. चुंबकाला चिकटून येतात दोन चुका, एक स्क्रू, तारेचा तुकडा, बैलाच्या नालेचा खिळा. सगळं डब्यात. डबा भरला की भंगारवाला नेतो.

“पंचरवालेच रस्त्यावर खिळे टाकते म्हणते लोकं. मनाले लागते जी,” तो म्हणतो.

मग कॉम्प्रेसर. टाकीच्या बुडाचा नळ तो आधी उघडतो. तांबूस पाणी फसफसत बाहेर येतं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं. ते टायरात गेलं की लोखंडी रिम आतून सडते. पाणी पूर्ण गळल्यावरच मोटार सुरू होते.

सकाळी ६.३०
हवेचं गिऱ्हाईक. ध्यान आटोपून परतणारे सेवक, दूधवाले, तिवशाला जाणारे मास्तर. “जय गुरु” होतो, नळी लागते, दहा रुपये. कोणी डब्यात टाकतं, कोणी मोबाइलवरून पाठवतं.

“हवा या वक्ताले मोजा लागते,” तो सांगतो. “पहाटेचा काटा खरा. दुपारचा काटा फसवते.”

गाडी पळाली की टायर तापतं, आतली हवा फुगते. तेहतीस पीएसआयची हवा दुपारी सदतीस-अडतीस दाखवते. मग लोक घाबरतात आणि उन्हात थांबून हवा कमी करून घेतात. तिथंच घात होतो. संध्याकाळी टायर गार झालं की हवा उरते अठ्ठावीस. कमी हवेचं टायर रस्त्यावर जास्त दबतं. दर फेऱ्याला त्याची बाजू वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. त्या वाकण्यानं ते आतून तापत जातं आणि वेगात फुटतं. उन्हाळ्यातली बरीचशी टायरं हवा जास्त झाल्यानं फुटत नाहीत, कमी असल्यानं फुटतात. हे तो रोज सांगतो आणि रोज कोणीतरी मान हलवून हवा कमीच करून मागतं.

किती हवा भरायची ते गाडीवरच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छोटा स्टिकर असतो. गाडीत माणसं आणि सामान भरून असेल तर आकडा वेगळा. गिऱ्हाईक “किती टाकू?” विचारलं की खांदे उडवतं. हा मात्र दार उघडून वाकून बघतो.

सकाळी ७.४५
हाताखालचा पोरगा येतो. विशीतला, आयटीआय झालेला. रोजी चारशे आणि दुपारचं जेवण. तो येताच हत्यारं मांडतो. बाटली जॅक दोन. लांब दांडीचा पाना. टायर उकलायच्या पट्ट्या तीन. घण. कानस, सुई, पक्कड. पाण्याचं अर्ध्या ड्रमाचं टाकं. सागवानी फळीचे चार तुकडे, कडा झिजलेल्या. चहा येतो, बरोबर पोहे. पोह्यांवर लाल तर्री.

सकाळी ८.३०
नागपूर पासिंगची पांढरी कार. मागचं उजवं टायर रात्रीतून बसलंय. ट्यूबलेस आहे.

पोरगा चाकावर साबणाचं पाणी ओततो. गाडी वीतभर पुढं घ्यायला लावतो, पुन्हा ओततो. एका जागी बुडबुड्यांचा झुपका उठतो. मध्ये स्क्रूचं डोकं, झिजून चांदीसारखं चकचकीत झालेलं. खडूनं खूण. पक्कडीनं पीळ देऊन ओढतो. फुस्स.

आता कानस. पेचदार, दोन्ही हातांनी धरायच्या मुठीची. भोकात घालून सात-आठ वेळा आत-बाहेर. टायरच्या पोटात तारांची जाळी असते. तुटलेली तार भोकात डोकावत राहिली तर बुजवलेलं पुन्हा कापते. ती घासली गेली पाहिजे. मग सुईच्या नेढ्यातून तपकिरी चिकट स्ट्रिप ओवायची, तिला सोल्युशन चोपडायचं आणि अंगाचा भार टाकून आत रेटायची. पोरगा गुडघा टेकतो, दात आवळतो. स्ट्रिप दोन बोटं बाहेर राहिली की एका झटक्यात सुई ओढतो. स्ट्रिप आत अडकते. बाहेरचं शेपूट ब्लेडनं कापतो. परत साबणपाणी. बुडबुडा नाही. हवा तेहतीस. शंभर रुपये.

स्ट्रिप रस्त्याला टेकणाऱ्या भागातच चालते. टायरच्या बाजूला भोक असेल तर दुकानदार हात लावत नाही. ती बाजू सतत वाकते, तिथं काही टिकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, अमरावतीपर्यंत जाईल एवढं करून द्या. तो नाही म्हणतो. शंभर रुपये जातात.

सकाळी १०.१५
दहाचाकी ट्रक. खताची पोती, पेरणीच्या आधीची घाई. मागच्या जोडचाकातलं आतलं टायर बसलंय. पारा चढायला लागलाय, पोलाद हाताला चटका देतं. दुकानदार डोक्याला दुपट्टा गुंडाळतो.

लाकडी ठोकळा, त्यावर जॅक. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नट सोडायला पान्याच्या दांडीवर चार फुटी पाइप घालतात. पोरगा पाइपावर लोंबकळतो. नट हलत नाही. दुकानदार विचारतो, “कोन्या अंगाचं चाक हाय?” डावं. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. पोरगा पाइप दुसऱ्या बाजूला घेतो. कर्रकन नट सुटतो.

चाक उतरवायच्या आधी दोन्ही टायरांच्या व्हॉल्व्हमधली पिन काढायची. हवा पूर्ण जाऊ द्यायची. मगच रिंगेला हात. ट्रकच्या जुन्या रिमला लोखंडी रिंग असते, तीच टायर धरून ठेवते. आत एकशे दहाचा दाब. रिंग नीट बसली नसेल आणि हवा भरली तर ती उडते. उडाली की मान, जबडा, काही बघत नाही. या धंद्यातली माणसं पंक्चरनं मरत नाहीत, रिंगेनं मरतात.

ट्यूब बाहेर येते. टाक्यात बुडवतात. बुडबुडा, खडू, कानस, सोल्युशन, ठिगळ, वर दाब. ट्यूब परत जाते, रिंग घणानं ठोकून बसते. मग दुकानदार चाक आडवं पाडतो, रिंग जमिनीकडं करतो, वरून साखळी गुंडाळतो. नळी लांब धरून दहा फुटांवर उभा राहतो. ड्रायव्हर वाकून बघायला येतो. त्याला दंडाला धरून मागे ओढतो.

सव्वा तास. तीनशे रुपये. ड्रायव्हर अडीचशे म्हणतो. दुकानदार काही न बोलता घामानं भिजलेला पोरगा दाखवतो. तीनशे मिळतात.

दुपारी १२.१०
फोन. तिवशाच्या पुढून. लग्नाला निघालेलं कुटुंब, कारचं मागचं डावं टायर फुटलंय. दुकानदार टायरबद्दल एक शब्द विचारत नाही.

“गाडी कोन्या अंगाले उभी हाय? डाव्या ना? पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर हाय का? लाइटं लावा, चारही. माणसं कुठी हाय? गाडीत? आधी उतरवा. डाव्या दारानं. कठड्याच्या पल्याड न्या, झाडाखाली. एसीसाठी गाडीत बसू नोका.”

मोटारसायकलवर पिशवी, फळी, जॅक, छोटा पंप, आणि दोन तिकोनी पाट्या, लाल, चमकणाऱ्या. पोरगा दुकानावर राहतो.

दुपारी १२.३०
कार सापडते. माणसं बाभळीखाली आहेत, पण नवरदेवाचा मामा मागच्या बंपरला टेकून रस्त्याकडं पाठ करून फोनवर बोलतोय. दुकानदार आधी त्याला बाजूला करतो. मग मागं चालत जातो, रस्त्याच्या कडेकडेनं, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून. पाऊणशे पावलं. तिथं पहिली पाटी ठेवायची जागा. दुसरी मध्ये. ताशी शंभरनं येणारी गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर अंतर तोडते. ड्रायव्हरला दिसायला, समजायला आणि पाय ब्रेकवर न्यायला दोन-तीन सेकंद लागतात. गाडीच्या मागं दहा पावलांवर ठेवलेली पाटी कोणाच्या कामाची नाही.

आता गाडी. हँडब्रेक ओढलेला. पहिला गिअर. फुटलेल्या चाकाच्या तिरप्या समोरच्या, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाला दोन्हीकडून दगड. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. गाडी उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरते. लोक नेमकं उलटं करतात.

कडेची माती काळी. मे महिन्यात वरून दगडासारखी, पण भेगाळलेली. पावसाळ्यात तर जॅक वीतभर आत जातो आणि गाडी तिथंच राहते. म्हणून फळी. फळीवर जॅक. जॅक कुठंही लावायचा नाही. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन खाचा असतात, तिथंच. चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं की थांबायचं.

फुटलेलं चाक निघतं. ते तो लांब फेकत नाही, गाडीच्या खाली आडवं सरकवतो. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. हात, डोकं, पाय गाडीखाली घालायचेच नाहीत.

डिकीतून स्टेपनी येते. तो अंगठ्यानं दाबतो. काटा लावतो. बारा. तेहतीसच्या जागी बारा.

“कधी भरली होती?”

मालक आठवू लागतात. गाडी घेतली तेव्हाची असेल.

छोटा पंप गाडीच्या बॅटरीवर घरघरतो. मामा घड्याळ बघतात. मुहूर्त जवळ आलाय. दुकानदार घाई करत नाही. चाक बसतं, नट हातानं फिरवून टेकवतो. एक नट, मग समोरचा, मग तिरपा. एका अंगानं ओळीत आवळले तर चाक तिरकं बसतं. खालचं चाक बाहेर ओढून, गाडी खाली उतरवून पुन्हा त्याच क्रमानं पूर्ण आवळतो, हातानं. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, बोल्टच तुटतो. फुटलेलं चाक डिकीत. पाट्या गोळा. लावलेले दगड उचलून कठड्यापलीकडं.

“पन्नास किलोमीटरवर नट एक डाव पाहून घेजा,” तो सांगतो. स्टेपनी आकारानं बारीक आहे. अशा चाकावर ऐंशीच्या वर जायचं नसतं, तसं त्यावर लिहिलेलंही आहे.

वीस मिनिटं. चारशे रुपये, जाणं-येणं धरून. मामा पाचशेची नोट देतात. तो शंभर परत करतो.

दुपारी २.००
जेवण. पोळी, कैरी घातलेलं वरण, कांदा, मिरचीचा ठेचा. माठातलं पाणी. कूलर आहे, पण तो सुरू केला की मीटर पळतं.

रस्त्याचा विषय निघतो. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी भाग खुला झाला. तो धामणगाव रेल्वेच्या बाजूनं जातो. मुंबईकडच्या बऱ्याच गाड्या तिकडं वळल्या, असं दुकानदार सांगतो.

“रस्ते झाले गुळगुळीत. गाड्या पळते. टायरं मात्र तेच हाय, घासलेले.”

कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायद्यानं ते बाद. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपलं. त्यासाठी मोजपट्टी लागत नाही, खाली वाकावं लागतं.

दुपारी ३.३०
रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक नवी कार येते. पंक्चर, आणि डिकीत स्टेपनीच नाही. २०२० साली नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाड्या स्टेपनीविना विकायची मुभा मिळाली. किट आहे, पण प्लास्टिकची पिशवी अजून उघडलेली नाही. बाटलीतलं रसायन कसं वापरायचं हे मालकाला ठाऊक नाही. पोरगा स्ट्रिप मारतो आणि मग उभं राहून ते किट मालकाला उलगडून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही.

मग टायरच्या बाजूवर बोट ठेवून चार आकडे वाचायला शिकवतो. २३१९ असेल तर २०१९ सालाच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. दुकानाच्या मागं अशी टायरं रचून ठेवलीत, बाजूला केसासारख्या चिरा पडलेली.

दुपारी ४.५८
भिंतीवर राष्ट्रसंतांचा फोटो, शेजारी घड्याळ. तुकडोजी महाराजांचं देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळेला झालं. पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी इथं मौन पाळतात, लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात. त्या दिवशी दुकानदार कॉम्प्रेसर बंद करतो. गिऱ्हाईक कोणीही असो. आज मे महिना आहे, मोटार चालू राहते. महाराजांच्या ग्रामगीतेत श्रमसंपत्तीवर एक अख्खा अध्याय आहे. पुस्तक फोटोखालच्या फळीवर आहे, कोपऱ्यांवर काळी बोटं उमटलेली.

संध्याकाळी ६.४५
सामुदायिक प्रार्थनेची वेळ. ट्रॅक्टरची ट्रॉली येते, मागं शेणखताचा वास. ट्रॉलीच्या टायरात बाभळीचा काटा, इंचभर लांब. पोरगा काटा उलट्या बाजूनंही चाचपतो. आत टोक राहिलं तर उद्या पुन्हा तेच. दोनशे रुपये. शेतकरी दीडशे देतो, पन्नास उद्या. उद्या येतो म्हटला की तो येतोच, असं दुकानदार सांगतो. वहीत लिहीत नाही.

रात्री ९.२०
फोन. एकटा माणूस, नांदगाव पेठचा टोलनाका ओलांडून मोझरीकडं येताना. पुढचं उजवं टायर. उजवं म्हणजे रस्त्याच्या अंगाचं. ते बदलायला बसणाऱ्याची पाठ वाहतुकीकडं असते.

दुकानदार पोचतो. अंधार. गाडी अर्धी पट्ट्याच्या आत. माणसानं मोबाइलच्या उजेडात जॅक काढून ठेवलाय.

“इथी नाही बदलत मी.”

माणूस गोंधळतो. दुकानदार समोरचा दिवा दाखवतो. तीनशे मीटरवर पेट्रोल पंप.

“चारही लाइटं लावा. पहिल्या गिअरात, पायी चालल्यासारखं घ्या. मी मांगून येतो लाइट लावून.”

“रिम खराब होईल.”

“रिम गेलं तं पाच हजार जाते. तुम्ही गेले तं?”

गाडी फडफडत पंपावर जाते. रिम वाचते, टायर कापलं जातं. पंपाच्या उजेडात चाक बारा मिनिटांत बदलतं. या वेळी स्टेपनी ठीक आहे.

पंप जवळ नसता तर? तो सांगतो. गाडी जमेल तेवढी डावीकडं घ्यायची. स्वतः कठड्यापलीकडं जायचं. आणि १०३३ फिरवायचा. राष्ट्रीय महामार्गाची मदत आहे, गस्तीची गाडी येते, क्रेन येते. कोणी जखमी असेल तर १०८. वाट बघण्यात तास गेला तर गेला.

परतताना तो थांबतो. कोण्या ट्रकवाल्यानं गाडी नादुरुस्त झाली म्हणून मागं दगडांची रांग लावलेली. ट्रक गेला, दगड तिथंच. मोटारसायकलवाल्याला ते अंधारात दिसत नाहीत. तो हेडलाइटच्या उजेडात एकेक उचलून कडेच्या नालीत टाकतो. सात दगड. याचे कोणी पैसे देत नाही.

रात्री १०.४५
हिशेब. हवेचे दोनशे चाळीस. मोटारसायकलच्या दोन ट्यूब, एकशे वीस. कारच्या चार स्ट्रिप, चारशे. ट्रक तीनशे. दुपारची फेरी चारशे. ट्रॉली दोनशे, त्यातले पन्नास यायचे. रात्रीची फेरी पाचशे. एकूण दोन हजार एकशे साठ.

जाणारे : पोरगा चारशे. पेट्रोल दीडशे. दुकानाचं भाडं आणि लाइटबिल रोजच्या हिशेबानं दीडशे-दीडशे. स्ट्रिप, ठिगळं, सोल्युशन एकशे तीस. कॉम्प्रेसरचा हप्ता शंभर. चहा-नाश्ता नव्वद. उरले नऊशे नव्वद. सतरा तासांचे.

दिवसभरात दोन फेऱ्यांत दोन गाड्यांची चाकं बदलली. दोन्हीकडं मालकांना पहिली काळजी टायरची आणि वेळेची होती. दुकानदाराला दोन्हीकडं माणसं कुठं उभी आहेत याची होती. टायर बदलायचं काम कोणीही एका दुपारी शिकेल. कुठं बदलायचं नाही, हे आधी शिकायला हवं.

वाचणाऱ्यांनी उद्या सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी डिकी उघडावी. तिकोनी पाटी आहे का, जॅक आणि पाना कुठं आहे, हे बघावं. स्टेपनी अंगठ्यानं दाबून पाहावी आणि जवळच्या दुकानात काटा लावून घ्यावा. घरातल्या सगळ्यांना, लेकरांनासुद्धा, सांगून ठेवावं की गाडी बंद पडली तर डाव्या दारानं उतरायचं आणि कठड्यापलीकडं जायचं. स्टेपनीत हवा भरायला मोझरीत दहा रुपये लागतात.